वावर एक, पिकं दोन: धान्यासोबत इंधन पिकवण्याचं खान्देशी गणित

जळगाव असो की शहादा, पंपावर आज जे पेट्रोल मिळतं त्याच्या दर पाच लिटरांत साधारण एक लिटर इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. मोहाच्या दारूत जे चढतं तेच, फक्त त्यातलं पाणी जवळजवळ पूर्ण काढून टाकलेलं. जून २०२२ मध्ये हे मिश्रण १० टक्क्यांवर पोचलं आणि मुळात २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. सुरुवातीला सगळी भिस्त उसावर होती. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि कारखान्यांची नजर मक्यावर गेली. २०२४ मध्ये तर एरवी मका बाहेर विकणाऱ्या भारताला तो बाहेरून आणावा लागला.

खान्देशात या बातमीला दोन बाजू आहेत. तापी, गिरणा, पांझराकाठी रब्बी मका घेणाऱ्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. त्याच वेळी नवापूरच्या कोंबड्यांचं खाद्य महागलं, कारण कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मकाच असतो. मग पारावर प्रश्न निघतो: जे पोटाला लागतं ते गाडीला का पाजायचं?

प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. शेतातून धान्याशिवाय काडी, शेण, पाला, खोडं असं बरंच निघतं आणि त्यातही इंधन असतं. अन्न आणि इंधन एकाच वावरात सुखाने नांदतात की एकमेकांच्या उरावर बसतात, हे पिकाचा कोणता भाग कुठे जातो आणि त्यातलं काय परत येतं यावर ठरतं.

इंधन काढण्याच्या तीन वाटा

शेतातल्या मालापासून मिळणाऱ्या उष्णतेला, गॅसला किंवा वाहनाच्या इंधनाला मिळून जैवऊर्जा म्हणतात. हा शब्द एवढाच. पुढे साधं ‘इंधन’ म्हणू.

पहिली वाट जाळण्याची. कोरडं आणि लाकडासारखं जे काही आहे ते तिकडे जातं: कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, भुईमुगाची टरफलं, दाणे काढून उरलेली मक्याची कणसं. दुसरी वाट हवाबंद कुजवण्याची, म्हणजे गोबरगॅस. तिथे ओलं आणि मऊ लागतं: शेण, खरकटं, हिरवा पाला. तिसरी वाट आंबवण्याची. तिला साखर किंवा पिठूळ पदार्थ हवा.

तिसरी वाट सातपुड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मोहाचं फूल मुळातच गोड, ते भिजवून ठेवलं की आपोआप आंबतं, मग भट्टी लावायची. मक्याचा दाणा गोड नसतो. पण भाकरीचा घास बराच वेळ चावला की तोंडात गोडसर लागतो, कारण लाळ पिठाची साखर करते. कारखान्यात लाळेचं काम विकरं (एन्झाइम) करतात: मका दळायचा, पाण्यात शिजवायचा, विकरं घालून साखर करायची, यीस्ट घालून आंबवायचं आणि ऊर्ध्वपातन करायचं. मोहापेक्षा एक पायरी जास्त, बाकी तत्त्व तेच.

माल चुकीच्या वाटेला लावला की पैसे बुडतात. पऱ्हाटी गोबरगॅसमध्ये टाकली तर महिनोन्‌महिने तशीच तरंगते. तिच्यातलं लाकूड तिथल्या जिवाणूंना पचत नाही. केळीचं खोड जाळायला गेलात तर आधी त्यातलं पाणीच उकळत बसाल.

पिकाचं वजन येतं कुठून?

एक क्विंटल वाळलेली पऱ्हाटी जाळली तर मागे चार-पाच किलो राख उरते. बाकीचे पंचाण्णव किलो गेले कुठे? जिथून आले होते तिथेच, हवेत. झाड हवेतला कार्बन आणि जमिनीतलं पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर आपलं अंग बनवतं. जळण्याची ताकद याच कार्बन-हायड्रोजनात असते. जमिनीकडून झाड घेतं ते नत्र, स्फुरद, पालाश, चुना, गंधक, जस्त. वजनाने थोडं, पण खताची गोणी आपण त्यासाठीच आणतो.

गोबरगॅसमधला जळणारा वायू मिथेन. त्यात कार्बन आणि हायड्रोजन सोडून तिसरं काही नाही. म्हणजे शेणातून गॅस काढून घेतला तरी नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं स्लरीतच, म्हणजे मागे उरलेल्या पातळ रबड्यातच राहतं. इथेनॉलचंही तसंच, मक्यातलं फक्त पीठ जातं. जाळण्यात मात्र नत्र उडून जातं. पालाश, स्फुरद, चुना राखेत उरतो.

म्हणून वावरातून इंधन विकणं हे मुख्यतः ऊन, हवा आणि पाणी विकणं आहे. पण त्याला एक अट आहे: गॅस जावा, स्लरी परत यावी; उष्णता जावी, राख परत यावी. ही अट सुटली की तोच धंदा जमीन विकण्याचा होतो, तोही फुकटात. कोणतीही योजना, कोणताही करार समोर आला तर आधी ही एक गोष्ट तपासावी.

मक्याचा हिशेब: एक टाकी, एकवीस किलो

एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. गाडीची टाकी ४० लिटरची धरली तर त्यात इथेनॉल ८ लिटर, म्हणजे २१ किलो मका. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. प्रत्यक्ष मायलेज किती घटतं हे इंजिनावर अवलंबून, पण ‘काहीच फरक पडत नाही’ हे खरं नाही.

मात्र हे २१ किलो सगळेच्या सगळे अन्नातून वजा होत नाहीत. टनभर मक्यामागे सुमारे ३०० किलो कोरडा चोथा उरतो. मक्यातली प्रथिनं आणि क्षार त्यात एकवटलेले असतात, प्रथिनं पंचवीस ते तीस टक्के. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात तो सरकीच्या किंवा सोयाबीनच्या ढेपेची काही जागा घेतो. थोडक्यात, कारखाना पीठ पितो आणि ढेप परत देतो.

इथे एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चोथ्यात मक्यातलं चांगलं तसं वाईटही एकवटतं. परतीच्या पावसात कणसं भिजली, ओलाव्यासकट पोत्यात भरली, बुरशी धरली की दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. शिजवून, आंबवून ते पुरतं मरत नाही. पीठ निघून गेल्यावर मागे उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात त्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. तो चोथा दुभत्या म्हशीने खाल्ला की विष दुधात उतरतं. त्यामुळे मका १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणं हे बाजार समितीतल्या कटतीपुरतं नसतं. ‘इंधनाला तर द्यायचाय, काळा दाणा चालतो’ असं म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला विचारावं, चोथा कोण खाणार?

भावाचं काय? मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्यांचा ठरलेला दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे. ३८ लिटरचे सुमारे २,७३० रुपये होतात, वर चोथ्याचे पैसे. यातून वाफ, वीज, विकरं, मजुरी, व्याज वजा करा, म्हणजे कारखाना मक्याला जास्तीत जास्त काय देऊ शकतो ते समजतं. २०२५-२६ ची मक्याची आधारभूत किंमत २,४०० रुपये क्विंटल आहे. कारखान्याची कमाल मर्यादा तिच्याच आसपास घुटमळते. त्यात सरकारने गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी स्वस्तात काढला की कारखाने तिकडे वळतात आणि मक्याचा भाव बसतो. इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक वाढलं हे खरं. भाव सदा चढाच राहील असं मात्र त्यात काही नाही.

पाण्याचा हिशेब तर खान्देशाने करायलाच हवा. रब्बी मक्याला हंगामात ६०० मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी सुमारे २४ लाख लिटर होतात. एकरी ३० क्विंटल मका आला तर त्यातून ११४० लिटर इथेनॉल निघेल. भागाकार केला की एका लिटरमागे दोन हजार लिटरांहून जास्त शेतीचं पाणी येतं. म्हणजे गाडीच्या एका टाकीतल्या ८ लिटरांसाठी १७ हजार लिटर, उन्हाळ्यात गावात येतो त्या टँकरच्या दीड खेपा. ठिबकवर हे बरंच उतरतं आणि चोथ्याच्या वाट्याचं पाणी वेगळं काढलं तर आणखी. पण ज्या पट्ट्यात कूपनलिका दरवर्षी खोल जाते तिथे फक्त इंधनासाठी मका हा सौदा मला तरी पटत नाही.

गोबरगॅस: जुनंच यंत्र, पण हिशेब सगळ्यात स्वच्छ

धान्याला हात न लावता इंधन मिळण्याची सगळ्यात जवळची जागा म्हणजे गोठा. गाय चारा रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात जे जिवाणू काम करतात, त्यांचेच भाऊबंद गोबरगॅसच्या घुमटात काम करतात. घुमट म्हणजे विटा-सिमेंटचं, जमिनीत पुरलेलं दुसरं पोट. पोटाला जे सोसतं ते त्याला सोसतं. पोट ज्याने बिघडतं त्याने तेही बिघडतं.

आकडे असे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. तेवढंच पाणी घालून कालवायचं. दोन घनमीटर गॅस म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम एलपीजी. पूर्ण क्षमतेने चाललं तर महिन्याला सुमारे दोन सिलिंडर, थंडीत त्याहून कमी. धुळ्याचा पारा एक आकडी होतो तेव्हा गॅस घटणारच. हे जिवाणू ३० ते ३५ अंशांवर खुशीत असतात आणि १५ च्या खाली जवळपास झोपतात. म्हणून नवीन संयंत्र डिसेंबरात सुरू करू नये. फेब्रुवारी-मार्चपासून केलं की एप्रिलच्या उन्हात ते मार्गी लागतं.

सुरुवातीची भरणी एकदम मोठी असते. दोन घनमीटरला दोन टनांच्या वर शेण आणि तेवढंच पाणी. त्यासाठी आधी चाळीसेक दिवस शेण साठवावं लागतं, पण सुकू द्यायचं नाही. चालू संयंत्रातली दोन-चार पिंपं स्लरी त्यात ओतली तर विरजण लागल्यासारखं काम लवकर धरतं. पहिला आलेला गॅस जळत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर, चूल-बिडीपासून दूर सोडून द्यायचा. ज्योत लागेपर्यंत रोजची भरणी सुरू करायची नाही.

बिघाड बहुतेक वेळा चार-पाचच असतात. ज्योत उड्या मारते, विझते, पुन्हा पेटते: नळीत पाणी साचलंय. गॅससोबत वाफ येते, ती गार होऊन नळीच्या खोलगट जागी बसते. नळीला पाणी-सापळ्याच्या दिशेने उतार हवा आणि आठवड्यातून एकदा तो सापळा उघडून पाणी काढायला हवं. ज्योत पिवळी आणि भांडं काळं: शेगडीची हवेची खिडकी बंद झालीय किंवा गंजाने चोंदलीय. गॅस भरपूर पण पेटतच नाही आणि स्लरीला आंबूस वास: पोट आंबट झालं. लग्नकार्यातलं खरकटं, केळीची सालं, गूळपाणी एकदम ओतलं की असं होतं. आठवडाभर काही घालायचं नाही, मग फक्त शेण, तेही निम्म्या मापाने. गॅसच कमी येतो आणि स्लरी पातळ: पाणी जास्त, किंवा गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी आत गेलं. वर्षभराने गॅस घटत गेला: तळाशी माती-रेती आणि वर काडीकचऱ्याची साय साचली. शेण गोळा करताना आलेली मूठभर माती दिसत नाही, पण वर्षात तिची पोती होतात.

आता स्लरी. ५० किलो शेण रोज म्हणजे वर्षाला १८ टन. ताज्या शेणात साधारण ०.४ टक्के नत्र धरलं तर ७० किलोच्या वर नत्र, म्हणजे युरियाच्या साडेतीन गोण्या. रुपयांत पाहिलं तर हजाराच्या आतच. अनुदानाच्या युरियाने नत्राची किंमत इतकी पाडून ठेवली आहे की शेणाचा हिशेब कागदावर कधीच चमकत नाही. खरी मिळकत स्फुरद, पालाश, जस्त आणि सेंद्रिय पदार्थाची आहे. शिवाय उघड्या उकिरड्यावर नत्राचा मोठा वाटा उडून जातो, तो इथे वाचतो. पण स्लरी महिनाभर उन्हात पसरून वाळवली तर वाचवलेलं पुन्हा उडतं. पाटाच्या पाण्यासोबत ओली द्यावी, नाहीतर काडीकचऱ्यात मुरवून सावलीतल्या खड्ड्यात ठेवावी. त्यातून तणाचं बी बरंच निकामी होतं, हा निंदणीच्या मजुरीतला फायदाही मोजायला हरकत नाही.

पर्यावरणाचा मुद्दा इथे दुधारी आहे. मिथेन जाळला तर ठीक. तसाच हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-तीस पट ताप देतो. घुमटाला तडा गेलेलं, गळकं संयंत्र निसर्गाचं भलं करत नाही. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

केळीची खोडं: ऊर्जा आहे, पण पाण्यात बुडालेली

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घड काढल्यावर जे उभं राहतं त्याचं काय करायचं हा प्रश्न तसाच आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडं. एक खोड २५ किलोचं धरलं तरी एकरी ४३ टन. आकडा ऐकून इंधनवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि खोडातही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. कोरडा माल एकरी तीन टनांच्या आसपास. ते ४३ टन ट्रकने तीस किलोमीटर न्यायचे म्हणजे डिझेल जाळून पाणी फिरवायचं.

घरच्या गोबरगॅसमध्ये खोडाची बारीक कुट्टी घालता येते, पण ती शेणाच्या पाव हिश्श्याहून जास्त नको, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावी. एरवी खोडाची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तीच बाग: कापून, चिरून, दोन ओळींत आच्छादन म्हणून. केळी जमिनीतून पालाश प्रचंड उचलते आणि त्याचा मोठा भाग खोडात असतो. पालाशयुक्त खत आपला देश जवळपास सगळं आयात करतो. अशा खोडाला नाल्यात ढकलणं म्हणजे पोटॅशची गोणी नाल्यात ओतणं. अपवाद रोगट झाडांचा, मुख्यतः कुकुंबर मोझॅक विषाणू आलेल्या. ती उपटून बागेबाहेर नष्ट करायची, आच्छादन म्हणून अजिबात वापरायची नाहीत.

पऱ्हाटी: इथे खरी संधी आहे

कापूस हे खान्देशातलं मोठं पीक. वेचणी संपली की एकरी आठ ते बारा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. काही सरपणाला जाते, बरीच बांधावर रचून पेटवली जाते. तिची उष्णता किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी, म्हणजे आपल्या देशी दगडी कोळशाच्या बरोबरीची. गिऱ्हाईकही लांब नाही. कोळशावरच्या वीज केंद्रांनी कोळशात जैविक इंधनाच्या कांड्या मिसळाव्यात असा केंद्राचा नियम आहे. २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के ठरले होते. भुसावळजवळचं दीपनगर तर आपल्या दारातच. विटांच्या भट्ट्या, तेलगिरण्यांचे बॉयलर हे आणखी गिऱ्हाईक.

यात अन्नाशी भांडण नाही. उलट पिकाचं भलं आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या, किडक्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. फरदड ठेवली (वेचणीनंतरही कापूस राखला), पऱ्हाटी मे महिन्यापर्यंत बांधावर रचून ठेवली की तिला बिनभाड्याची खोली मिळते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून जानेवारीतच बारीक केली तर अळीचं चक्र तुटतं, आणि पाणी असेल तर वावर उन्हाळी मुगाला किंवा चाऱ्याला मोकळं होतं. सल्ला जुना आहे. फरक इतकाच की पऱ्हाटीला भाव मिळाला तर तो पाळण्याचा खर्च निघतो.

अडचण वजनाची नसून आकाराची आहे. उपटलेल्या पऱ्हाटीने ट्रॉली शिगोशीग भरते आणि वजनकाट्याचा आकडा मात्र जेमतेम हलतो. म्हणून कुट्टी वावरातच व्हायला हवी. ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टीयंत्र गटाने घेतलं तरच परवडतं. ताज्या पऱ्हाटीत निम्म्याच्या आसपास ओलावा असतो. तीन-चार आठवडे उन्हात ठेवून तो बारा टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. ओला भुसा कांडीच्या साच्यात गेला की आतल्या पाण्याची वाफ होऊन कांडी तडकते, हातात घेतली की भुगा. मुळांना काळी माती चिकटलेली असेल तर राख वाढते, भट्टीत तिचे दगड होतात आणि कारखाना भाव पाडतो. म्हणून जमीन ओली असताना चिमट्याने उपटणं सोपं वाटलं तरी मुळं झटकून, दोन दिवस सुकू देऊनच गाडीत टाकावी. न फुटलेली बोंडं आधी तोडून वेगळी नष्ट करावीत, नाहीतर गंजीसोबत अळीही मुक्कामाला येते.

‘सगळंच विकलं तर जमीन खाणार काय?’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. राख परत आणली तरी नत्र गेलेलं असतं, आणि गांडुळांना, बुरशीला राख खाता येत नाही. त्यांना काडी लागते. आपल्या उष्ण हवेत जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच कमी, कारण तो झटपट जळून जातो. त्यामुळे सरसकट उचल चुकीचीच. व्यवहारात असं धरावं: पऱ्हाटी उचलली तरी तिचा झडलेला पाला वावरातच राहू द्या. एखाद्या वर्षी उचललीच नाही, कुट्टी करून जमिनीत गाडली तर उत्तम. पण ताजी कुट्टी गाडली की पहिले काही आठवडे ती कुजताना जमिनीतलं नत्र ओढते आणि पुढचं पीक पिवळं पडतं, म्हणून सोबत स्लरी किंवा थोडा युरिया द्यायचा. दादर ज्वारीच्या कडब्याकडे तर इंधन म्हणून पाहूच नये. तो जनावराच्या पोटातून शेण होऊन येतोच. त्याची गोबरगॅसची वाट आधीच ठरलेली आहे.

नेपियर गवताची जाहिरात

दाबलेल्या जैविक गॅसचे प्रकल्प येताहेत. २०१८ च्या ‘सतत’ योजनेनंतर तेल कंपन्या तो विकत घेतात, मिथेन किमान ९० टक्के असावा लागतो. अशा प्रकल्पांच्या नावाने गावोगाव नेपियर हे उंच चाऱ्याचं गवत लावण्याचे करार फिरतात. राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत किंवा त्या जातीचं गवत भरपूर पाणी-खतावर वर्षात पाच-सहा कापण्या देतं, एकरी साठ-ऐंशी टन हिरवं. कोणी दोनशे टनांची खात्री देत असेल तर त्याने बियाण्याच्या कांड्यांचा भाव किती लावलाय ते आधी पाहावं. बहुधा धंदा तिथेच असतो.

साठ टन हिरव्या गवतात बारा टन कोरडा माल आणि दीडशे किलोच्या आसपास नत्र असतं, युरियाच्या सात गोण्या. हे नत्र दर वर्षी वावराबाहेर जातं. प्रकल्पाचं आंबवलेलं सेंद्रिय खत त्या प्रमाणात परत मिळणार नसेल तर तीन-चार वर्षांत जमीन बसते. अशा खताच्या विक्रीला केंद्र सरकारने २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपये साहाय्य लागू केलं, तेव्हा कारखान्याला ते बाहेर विकण्याचा मोह असतोच. आणि चांगल्या काळ्या बागायती वावरात गहू-हरभरा काढून गवत लावलं तर पुन्हा अन्न विरुद्ध इंधन. बांध, पाटाची कड, चोपण पडलेला कोपरा इथे लावा, जनावरांचं भागवा, उरलं ते द्या.

मोगली एरंड (जट्रोफा) आठवत असेल. २००३ च्या सुमारास ‘पडीक जमिनीवर, बिनपाण्याचं डिझेल’ म्हणून तो देशभर लावला गेला. पाण्याशिवाय झाड जगलं, पण बी धरलं नाही. जगणं आणि उत्पन्न देणं यातला फरक तेव्हा महागात पडला होता.

कोरडवाहूवाल्याला यात काय?

पारोळा, साक्री, शिंदखेड्याच्या हलक्या जमिनीत मक्याचं किंवा गवताचं गणित बसत नाही. तिथे पऱ्हाटी-तुराट्यांची गटाने विक्री आणि बांधावरचा बांबू या दोनच गोष्टी धरण्यासारख्या. बांबू २०१७ पासून वनाबाहेर कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे तोड-वाहतुकीची कटकट कमी झाली. सातपुड्यातला मानवेल बांबू पाण्याचा ताण सोसतो. चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठी मिळते. चांगली काठी बाजारात, वाकडी आणि टोकं इंधनात. उलटं करू नये. बांधाच्या दोन्ही बाजूंनी तीन-चार मीटर पिकाला सावली आणि मुळांचा त्रास होतो, तो तोट्यात धरायचा. विहिरीच्या कडेला तर लावूच नये.

करार करताना कागदावर काय हवं

भाव टनाला की उष्णतेला? ओलावा किती टक्क्यांवर मोजणार, आणि मोजणार कोण, कोणत्या यंत्राने? जास्त ओलावा निघाला तर माल परत की वजनात कट? वाहतूक कोणाकडे, आणि गंजीला वावरातच आग लागली तर नुकसान कोणाचं? उचल किती दिवसांत? जानेवारीत उचलतो म्हणून पऱ्हाटी मेपर्यंत पडून राहिली तर बोंडअळीचा सगळा फायदा गेला, म्हणून ही तारीख भावाइतकीच महत्त्वाची. आणि टनामागे किती किलो राख किंवा किती टन स्लरी परत मिळणार, ती वावरापर्यंत पोचवून की कारखान्याच्या फाटकावर? शेवटच्या ओळीची जागा छापील करारात बहुतेक कोरीच असते. सही करण्याआधी ती भरून घ्यायची.